कोणती नाव घ्यावी? कृष्णा-कोयनेच्या पाण्यावरचा दोन शतकांचा प्रश्न

१/
महाबळेश्वरच्या पठारावर कृष्णा उगम पावते, तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा ६४ किलोमीटर दूर आहे. तरीही ती समुद्राकडे पाठ करून पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. या एका वळणामुळे साताऱ्याला आणि सांगलीला नदी लाभली. जहाजे बांधण्याची आणि दर्यावर्दीपणाची परंपरा मात्र घाटाखाली कोकणातच राहिली.

२/
आज कोयनेच्या शिवसागरावर आणि वाईजवळच्या धोम जलाशयावर मोटारबोटी धावताना दिसतात. एखाद्या कुटुंबाने मासेमारीसाठी आणि जलक्रीडेसाठी जुनी मोटारबोट घ्यायचे मनात आणले, की पहिला प्रश्न पडतो: कोणती घ्यावी? प्रश्न नवा वाटतो. वास्तविक गेली दोन शतके तो या खोऱ्यात निरनिराळ्या माणसांना, निरनिराळ्या कारणांनी पडत आला आहे. उत्तर चुकले तेव्हा त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी चुकवावी लागली आहे. त्या प्रश्नाचा हा इतिहास.

३/
आरंभ पाण्यापासून करावा लागतो. सातारा जिल्ह्यातील कृष्णेचे पात्र खडकाळ. उन्हाळ्यात बैलगाडी पार होईल इतके पाणी, पावसाळ्यात तीच नदी दुथडी भरून वाहते. त्यामुळे नदीच्या लांबीने मालवाहतूक येथे कधी रुजली नाही. नाव लागे ती फक्त पलीकडे जाण्यासाठी, तीही प्रामुख्याने पावसाळ्याचे चार महिने. नदी पायी ओलांडण्याच्या जागेला ‘उतार’ म्हणत आणि नावेने ओलांडण्याच्या जागेला ‘तर’. उतार बुडाला की तर सुरू होई.

४/
संगम माहुलीला कृष्णेत वेण्णा मिळते, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. प्रत्येक संगमाखाली पाण्याचा जोर बदलतो आणि नावेची गरजही बदलते. म्हणून या पट्ट्यात एकच एक नाव प्रचलित नव्हती. मोठ्या तरीवर फळ्यांची रुंद नाव, शांत डोहात खोड कोरून केलेली डोण, आणि काहीच नसेल तेथे सांगड. दोन होड्या किंवा वाळलेले भोपळे एकमेकांस बांधून केलेले तरंगते साधन म्हणजे सांगड. आज आपण दोन गोष्टींची ‘सांगड घालतो’, तेव्हा नकळत नदीकाठचाच शब्द वापरत असतो.

५/
नाव चालवणारे भोई, कोळी आणि अंबी समाजाचे लोक. अनेक गावांत त्यांचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे, म्हणजे नावाडी हा गावगाड्याचाच भाग होता. त्याच्याजवळ क्षमतेचा लेखी आकडा नसे. नाव किती दबली आहे, काठ पाण्यापासून किती वर उरला आहे, एवढ्यावरून तो पुढचा माणूस घ्यायचा की थांबवायचा हे ठरवी. तो माणसे मोजत नसे, काठ मोजत असे. हे ज्ञान रोजच्या सरावातून आलेले होते. पुढे त्याचे काय झाले, हा या धाग्यातील कळीचा मुद्दा आहे.

६/
कोणती नाव घ्यावी, या प्रश्नाचे लष्करी उत्तर १८०३ साली मिळाले. वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हैसूरकडून निघाला आणि एप्रिल १८०३ मध्ये मिरजेच्या मुलखातून पुण्याकडे गेला. २० एप्रिलला तो पुण्यात पोहोचला. उन्हाळ्यात कृष्णा सहज ओलांडता आली. परंतु पावसाळ्यात मागून रसद यायची तर मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा या नद्या आडव्या येणार, हे त्याने ओळखले होते.

७/
त्याने निवड केली ती दक्षिणेत जुन्या काळापासून चालत आलेल्या टोपलीच्या नावेची. बांबूच्या कामट्यांचा गोल सांगाडा आणि त्यावर कातडे. देखणी नाही, वेगवान नाही, सरळ रेषेत चालणेही तिला कठीण. पण बांबू आणि कातडे कोठेही मिळते, ती बांधणारे कारागीर स्थानिकच असतात, आणि खडकावर आपटली तर एका दिवसात दुरुस्त होते. अशा नावा नद्यांवर तयार ठेवण्याचे आदेश त्याने वेळेआधी दिले.

८/
या निवडीमागचा विचार त्याच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसतो. नद्या भरलेल्या असताना मराठ्यांच्या घोडदळाची गती अडते. ज्याच्याजवळ नावांची सोय आहे त्याला तोच काळ अनुकूल. शतकभर पावसाळा म्हणजे मोहिमा थांबण्याचा काळ, दसऱ्याला सीमोल्लंघन, असा येथील लष्करी क्रम होता. एका साध्या टोपलीने तो क्रम उलटवण्याची शक्यता निर्माण केली. पाण्याला साजेशी आणि हाताशी दुरुस्त होणारी नाव ही महागड्या नावेपेक्षा श्रेष्ठ, हा धडा या खोऱ्याने तेव्हा पाहिला.

९/
हौसेची नाव येथे आली ती आणखी चार दशकांनी. १८४२ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी, म्हणजेच आप्पासाहेब महाराज, यांच्या काळात महाबळेश्वरला वेण्णा तलाव बांधला गेला. बांधलेले, उथळ, प्रवाह नसलेले पाणी. थंड हवेच्या गावी आलेल्यांना विरंगुळा म्हणून नौकाविहार. कुटुंबासह होडीत बसण्याची जी कल्पना आज सर्वत्र रुळली आहे, तिचे सातारा जिल्ह्यातील जुने ठिकाण हेच. लक्षात घ्यावे ते इतके, की ही होडी शांत पाण्यासाठी होती. तलावाची होडी आणि नदीची नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

१०/
१८४८ साली आप्पासाहेबांचे निधन झाले आणि डलहौसीच्या धोरणाने सातारा राज्य खालसा झाले. त्यानंतर मुंबई सरकारने १८६८ साली तरी आणि अंतर्गत जलमार्गांवरील नौका यांच्यासाठी कायदा केला. तरी आता सरकारी नियमनाखाली आल्या. पण नदीला एक राज्य नव्हते. सातारा ब्रिटिश, तर सांगली, मिरज आणि औंध ही संस्थाने. एकाच कृष्णेच्या काठांवर निरनिराळे कारभार. आजचा सांगली जिल्हा पुष्कळ नंतरचा: १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून तो अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

११/
विसाव्या शतकाच्या आरंभी दोन घटना एका वर्षाच्या अंतराने घडल्या. १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने होडीच्या मागच्या फळीला टांगता येणारे इंजिन बाजारात आणले. १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या घटनेने साधी होडी मोटारबोट होऊ शकली. दुसरीने कृष्णाकाठी यंत्रसंस्कृती रुजवली. मात्र येथे इंजिन आले ते पाणी उपसण्यासाठी. नदीकाठच्या शेतकऱ्याला पंपाचे इंजिन खोलून जोडता येऊ लागले. ते नावेला बसवण्याची निकड त्याला भासली नाही.

१२/
निकड भासली नाही, कारण नावच मागे पडत होती. १९२९ साली सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल झाला. बैलगाड्या, मोटारी आणि माणसे बारमाही पलीकडे जाऊ लागली. पुढील दशकांत गावोगावी पूल आणि बंधारे झाले. प्रत्येक पुलाबरोबर एकेक तर बंद पडली आणि नावाड्याचा मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला. पूल ही निःसंशय प्रगती होती. पण तिच्याबरोबर एक गोष्ट हळूहळू लोपली: काठ मोजणारी नजर.

१३/
वल्हे मात्र पूर्णपणे खाली ठेवले गेले नाही. सांगली, सांगलवाडी, कवठेपिरान, डिग्रज, समडोळी या पट्ट्यात पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात आणि दोन्ही काठ माणसांनी फुलून जातात. तालमीत जावे तसे तरुण वल्ह्यांचा सराव करतात. ही परंपरा अभिमानाचीच. तरी शर्यतीची होडी लांब, अरुंद आणि हलकी असते. तिच्यात बसणारा प्रत्येक जण पोहणारा आणि कसलेला. म्हातारी, गर्भवती आणि तान्हे मूल घेऊन जाण्यासाठी ती घडवलेली नाही. गतीसाठी केलेली नाव ओझ्यासाठी निवडता येत नाही.

१४/
इकडे साताऱ्याच्या पश्चिमेला अगदी उलटे घडले. पाटण तालुक्यात कोयना धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६० च्या दशकात शिवसागर भरला. धरणाची उंची १०३ मीटर. मागे सुमारे ५० किलोमीटर लांबीचा जलाशय. शेते, वाटा, देवळे पाण्याखाली गेली. अनेक गावे दूर वसवली गेली, तर काही वस्त्या डोंगराच्या अंगाने वर सरकल्या. कालपर्यंत ओढा ओलांडून शेजारच्या गावी जाणाऱ्या माणसापुढे आता अफाट पाणी पसरले. सांगलीत पुलाने नाव संपवली. जावळीत धरणाने नाव अपरिहार्य केली.

१५/
बामणोली आणि तापोळा ही लाँचची ठाणी झाली. बाजार, शाळा, दवाखाना, लग्नाचे वऱ्हाड, सारे लाँचने. गाड्या पलीकडे नेण्यासाठी तराफा आला. हौशी माणसाने जुनी बोट घेण्यापूर्वी या लाँचचा धडा समजून घ्यावा. शिवसागराची पातळी भाद्रपदात काठोकाठ असते आणि ज्येष्ठापर्यंत कित्येक मीटरांनी उतरते. जेथे सप्टेंबरमध्ये खोल पाणी, तेथे मे महिन्यात खडक आणि जुन्या झाडांची खोडे. दरीतून वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात. म्हणून येथे वेगापेक्षा रुंद तळ, उंच काठ आणि दुरुस्तीला जवळ मिस्त्री असलेले इंजिन यांना मोल आले.

१६/
पुढे याच लाँचना पर्यटनाचे काम मिळाले. वासोटा किल्ल्यावर जाणारे दुर्गप्रेमी बामणोलीहून बोटीने पलीकडे उतरतात. पण पलीकडचा किनारा मोकळा नाही. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले. २०१० साली सांगली जिल्ह्यातील वारणेकाठच्या चांदोलीसह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. २०२४ साली जावळी तालुक्यातील मुनावळे येथे शासनाने जलपर्यटन केंद्र सुरू केले. विस्थापितांची गरज म्हणून आलेली बोट दोन पिढ्यांत पर्यटकांची क्रीडा झाली.

१७/
आता पुन्हा सांगलीकडे वळावे लागते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले. पूल होते, पण पुलापर्यंत जाणारे रस्तेच बुडाले. ज्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या नावेची गरज उरली नव्हती, त्यांना एका रात्रीत ती लागली. लोकांनी गुऱ्हाळातील गूळ आटवण्याची काहील पाण्यात सोडली. ज्याने ही प्रचंड कढई पाहिली आहे, त्याला ती वेलस्लीच्या टोपलीची नात वाटावी. दोन्ही गोल, दोन्ही हाताशी असलेल्या साधनांतून उभ्या राहिलेल्या.

१८/
८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ, कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरचे गाव. चारी बाजूंनी पाणी चढत होते. अडकलेल्यांना घेऊन निघालेली बोट पुराच्या पाण्यात उलटली. १७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले होती. बोटीत तिच्या क्षमतेहून अधिक माणसे होती आणि सर्वांना पुरतील अशी जीवरक्षक जाकिटे नव्हती. बोट मिळाली, इंजिन होते, मदत करण्याची इच्छाही होती. उणीव होती ती नावाड्याच्या ‘आता बस’ या शब्दाची, आणि तो मानणाऱ्या व्यवस्थेची.

१९/
त्या प्रसंगी काठावर उभ्या असलेल्या कोणालाही दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. पाणी चढताना मागे राहणे म्हणजे मरण, असे वाटत असताना शेवटच्या माणसाला नको म्हणणे कोणाला जमेल? म्हणूनच क्षमतेचा निर्णय संकटाच्या क्षणी होत नाही; तो नाव निवडतानाच व्हावा लागतो. त्यामागचे गणित शाळेतल्या आर्किमिडीजचे आहे.

२०/
५ मीटर लांब, २ मीटर रुंद, पेटीसारख्या तळाची बोट घ्या. तिचा तळ १० चौरस मीटर. गोड्या पाण्यात दर १०० किलो वजनाला ती १ सेंटिमीटर खाली जाते. सरासरी ६० किलोची १० माणसे म्हणजे ६ सेंटिमीटर. ३० माणसे म्हणजे १८ सेंटिमीटर. खऱ्या बोटीचा तळ निमुळता असतो, म्हणून ती याहून अधिक दबते. शिवाय माणसे स्थिर नसतात. एखादी फांदी आडवी आली, सगळे एका बाजूला झुकले, की तो उरलेला काठही पाण्याखाली जातो. पाण्यात बुडण्यापूर्वी बोट आधी कलते, आणि कलल्यावर सावरायला वेळ उरत नाही.

२१/
या साऱ्या इतिहासाच्या उजेडात आज जुनी मोटारबोट पाहणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न पुन्हा मांडता येतो. पहिले, पाणी कोणते? जलाशय, नदी की तलाव. आणि ते मे महिन्यात किती उरते? दुसरे, ओझे किती? माणसे, इंधन, जाळी, बर्फाची पेटी, सारे मिळून. तिसरे, काम कोणते? शांत बसून गळ टाकायला थोड्या अश्वशक्तीचे इंजिन पुरते; दोरीने माणूस पाण्यावर ओढायचा तर पन्नासएक अश्वशक्ती लागते. दोन्हींचा हव्यास धरून छोट्या बोटीला जड इंजिन टांगले, तर मागची बाजू दबते आणि लाट आत येते.

२२/
चौथे, तिचे पूर्वायुष्य कोणत्या पाण्यात गेले? कोकणच्या खाऱ्या पाण्यात वापरलेले इंजिन बाहेरून रंगवून चकचकीत दिसते, पण आतील पाणीवाटांत क्षार साचलेले असू शकतात. समुद्रात तरंगणारी तीच बोट गोड्या पाण्यात किंचित अधिक दबते, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. इंजिन टांगतात ती मागची फळी ठोकून पाहावी. आवाज बोदा आला तर आत ओल शिरलेली असण्याची शंका घ्यावी. आणि पाचवे, बिघडली तर दुरुस्त कोण करणार? वेलस्लीने हाच प्रश्न कदाचित सर्वांत आधी विचारला असता.

२३/
सहावा प्रश्न परवानगीचा. १९१७ चा अंतर्गत जलवाहतुकीचा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला. त्यात यांत्रिक नौकेची नोंदणी, तपासणी, चालकाचे प्रमाणपत्र आणि विमा यांची तरतूद आहे. जलाशय जलसंपदा विभागाचा असतो. धरणाच्या भिंतीजवळचा भाग सुरक्षेसाठी बंद असतो. मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. अभयारण्यात वनविभागाचे नियम. हौशी माणसाला ही कागदपत्रे जाचक वाटतात. पण अनौपचारिक नजर नाहीशी झाल्यावर तिची जागा घेणारे दुसरे काही समाजाजवळ नाही.

२४/
पूल आले, धरणे आली, इंजिने आली. प्रत्येक टप्प्यावर साधन सुधारले आणि साधन ओळखणारा माणूस दुर्मिळ झाला. कृष्णा-कोयनेच्या नावांचा इतिहास हा या विसंगतीचा इतिहास आहे. म्हणून जुनी बोट विकत घेताना इंजिनाचा आवाज ऐकावाच. पण त्याआधी तिच्या अंगावर माणसांची संख्या लिहिलेली आहे का ते पाहावे. नसेल तर जाणकाराकडून काढून ठळक अक्षरांत रंगवून घ्यावी, आणि तितकीच जाकिटे सोबत घ्यावीत. जुना नावाडी जे नजरेने सांगे, ते आता त्या आकड्याला सांगावे लागते.

धागा समाप्त.